वसमतकडचे बारके हादरे: मोठ्याच्या आधीचे का नंतरचे?

हळदवाला_वसमत (सकाळी ८:५०)

राम राम मंडळी.

वसमत तालुक्यात आमचं खेडं, पांगरा शिंदेच्या पट्ट्यातलं. जमिनीतून आवाज येणं आमच्याकडं नवीन राहिलं नाही. ट्रॉलीतले दगड एकदम ओतावेत तसा आवाज होतो, मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, संपलं. पेपरात 'गूढ आवाज' म्हणून बातमी येते आणि लोक रानात जातात.

पण २०२४ ला प्रकार वेगळा झाला. २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ चा धक्का बसला, अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला परत ४.५. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले होते. आता मधला शांत काळ गेल्यावर पुन्हा बारके आवाज चालू झालेत. यंत्रावर नोंद होते का नाही माहीत नाही, पायाला मात्र कळतं.

आई म्हणते, मोठ्याच्या आधी असेच बारके येतात, किल्लारीला आले होते. चुलते म्हणतात, हे २०२४ चेच मागचे, हळूहळू विरतील. पुण्याचा भाऊ व्हॉट्सअपवर पाठवतो की बारके धक्के चांगले, आतली शक्ती मोकळी होते. त्यातच गावच्या ग्रुपवर 'नासाचा इशारा, रात्री १२ ते ३ मोठा भूकंप' असा मेसेज फिरला आणि अर्धं गाव खळ्यावर झोपायला गेलं. दिवसा हळद शिजवायची आणि रात्री जागायचं.

यातलं खरं काय? बारका धक्का आधीचा का नंतरचा हे ओळखता येतं का? आमच्या जवळ येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर अशी धरणंही आहेत, त्याचा काही संबंध?

परळी_एक्सप्रेस (सकाळी ९:१५)

टेन्शन घेऊ नका भाऊ. भाऊंचे भाऊ बरोबर सांगतात. कुकरची शिट्टी झाली की कुकर फुटत नाही. बारके धक्के येत राहिले पाहिजेत, आले नाहीत तर भ्यायचं.

ओव्हरसियर_औसा (सकाळी ११:३०)

परळीकर, शिट्टी तुमच्यापाशी ठेवा. भूकंपाला ती लागू नाही. गणित करून दाखवतो, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

भूकंपाची तीव्रता एका अंकानं वाढली की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. दोन अंकांनी वाढली की हजार पट. किल्लारीचा भूकंप ६.२ चा धरा. तेवढी शक्ती ४.२ च्या धक्क्यांनी मोकळी करायची तर असे हजार धक्के लागतील. ३.२ च्या धक्क्यांनी करायची तर तीस हजारांवर. वसमतचे लोक ज्याला बारका म्हणतात तो बहुतेक वेळा ३ च्याही खालचा. म्हणजे गाव लाखो वेळा हललं पाहिजे, तेव्हा कुठं ती शिट्टी पूर्ण होणार.

आणि ही थाप फक्त व्हॉट्सअपवर चालते असं नाही. इटलीत लाक्विला नावाचं शहर आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथं महिनोन्महिने बारके धक्के येत होते. लोक भ्यायला लागले तेव्हा एका सरकारी अधिकाऱ्यानं मुलाखतीत असंच सांगितलं की शक्ती मोकळी होत आहे, परिस्थिती अनुकूल आहे. ६ एप्रिलला रात्री साडेतीनला ६.३ चा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. पुढं तो अधिकारी आणि सहा शास्त्रज्ञांवर खटला चालला, २०१२ ला शिक्षा झाली, २०१४ ला अपिलात शास्त्रज्ञ सुटले. त्यांनी भूकंप सांगितला नाही म्हणून कुणी कोर्टात गेलं नव्हतं. लोक रात्री बाहेर झोपायची आपली जुनी रीत सोडून घरात गेले, कारण कुणीतरी धीर दिला. खटला त्या धीराचा होता.

आता आमच्याकडचं. मी औसा तालुक्यातला, नोकरीत ओव्हरसियर होतो. १९९३ नंतरची बरीच वर्षं पडलेल्या आणि न पडलेल्या भिंती बघण्यात गेली. वसमतच्या आईसाहेब म्हणतात ते खरं आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास हादरे सुरू झाले. त्यातला मोठा १८ ऑक्टोबरचा, ४ च्या वरचा. भिंतींना भेगा गेल्या. लोक अंगणात पालं ठोकून राहिले. तेव्हा आमचा भाग सरकारी नकाशात सगळ्यात सुरक्षित, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. गावात यंत्र नाही, हैदराबादच्या यंत्रावर जे कळेल ते. थंडी पडली तसे हादरे कमी झाले. पालं निघाली, माणसं माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छपराखाली, परत गेली. लग्नं झाली, पेरण्या झाल्या. १९९३ चा गणपती आला. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकी करून माणसं उशिरा झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. मृत्यूचे आकडे वेगवेगळे सांगतात, दहा हजारांच्या जवळपास धरा.

त्यामुळं आमच्याकडं कुणी 'बारके धक्के चांगले' म्हटलं की म्हातारी माणसं उठून जातात.

पण भाऊ, आता दुसरी बाजू ऐका, नाहीतर तुम्हीही माझं नाव सांगून गाव खळ्यावर नेऊन बसवाल. १९९२ चे हादरे हे मोठ्याच्या आधीचे होते हे आम्हाला कधी कळलं? १९९३ ला. त्याआधी ते नुसते हादरे होते. नांदेड शहरात २००६ च्या अखेरीपासून पुढं काही वर्षं असेच हादरे आले, आवाजासकट. लोक रात्रभर रस्त्यावर. ३ च्या आसपास जाऊन ते थंड पडले, मोठं काही आलं नाही. पालघरकडं डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून हजारोंनी धक्के आले, चारच्या थोडं पुढं गेले, आदिवासी पाड्यांवर लोकांनी तंबूत दिवस काढले. तिथंही मोठा नाही. निलंगा तालुक्यात हासोरीला २०२२ च्या पावसाळ्यात तेच. किल्लारीचे हादरे आणि हासोरीचे हादरे शेजारी ठेवले तर यंत्रालासुद्धा फरक दिसत नाही. फरक पुढं काय झालं त्यात आहे, आणि ते आधी कुणापाशी नसतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: नाही, ओळखता येत नाही. तारीख-वेळ सांगणारा कुणीही असो, नासा असो की बाबा, खोटा.

मला तुम्हाला उलट विचारायचं आहे. घर कसलं आहे? माळवद आहे का? असेल तर किती खणांचं (दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण), माती किती, भिंत कशाची, कुठं फुगली आहे का? ते सांगा. धक्क्याचं कुणाच्या हातात नाही, पण भिंतीचं आहे.

सास्तूरकर_पुण्यात (दुपारी १२:१०)

ओव्हरसियर काकांनी लिहिलं ते वाचून घशात आलं. आम्ही लोहारा तालुक्यातले. मी तेव्हा शाळेत होतो. मोठा धक्का एकदाच आला, पण नंतरचे बारके किती महिने आले ते कुणी लिहीत नाही. पाऊस लागला होता, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, जरा हललं की आजी पत्रा धरायची. आज पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो, खालून डंपर गेला तरी मी दाराकडं बघतो. बायको हसते. बाकी चालू द्या.

भूगर्भ_नांदेड (दुपारी २:४०)

नमस्कार. मी नांदेडला भूशास्त्र शिकवते. ओव्हरसियर साहेबांनी मुख्य गोष्ट सांगितली आहे, मी थोडी भर घालते.

जमिनीखाली खडकात जुन्या भेगा असतात. ताण साठत जातो आणि एक दिवस त्या भेगेचा एक तुकडा घसरतो. घसरला की त्या तुकड्यावरचा ताण उतरतो, पण त्याच्या टोकांवर आणि शेजारच्या भेगांवर तो वाढतो. मग शेजारचे लहान तुकडे घसरतात. हे पश्चातधक्के. कधी असंही होतं की पहिला घसरलेला तुकडा लहान असतो आणि शेजारी मोठा तुकडा घसरायच्या बेतात असतो. मग पहिला आपोआप 'पूर्वधक्का' ठरतो. खडकाच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी एकच आहेत. म्हणूनच नोंदीवरून वेगळं करता येत नाही.

पश्चातधक्क्यांची मात्र चाल ठरलेली आहे, आणि ती माहीत असलेली बरी. जपानच्या ओमोरी या शास्त्रज्ञानं १८९१ च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजून १८९४ मध्ये नियम मांडला. मोठ्या धक्क्यानंतर पहिल्या दिवशी जेवढे येतात, दहाव्या दिवशी त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके येतात, शंभराव्या दिवशी शंभराव्या हिश्शाइतके. पटकन उतरतात, पण पूर्ण संपायला फार वेळ घेतात. त्यामुळे सास्तूरकरांच्या आजीचे महिने हिशेबातच बसतात. दुसरं, सगळ्यात मोठा पश्चातधक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ नं कमी असतो. सरासरी, हं. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ झाला आणि १२ मे ला ७.३. तो पश्चातधक्का होता आणि त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, कारण पहिल्यानं खिळखिळी केलेली घरं दुसऱ्यानं पाडली.

आता हिंगोलीचं बघा. २१ मार्च २०२४ ला ४.५ आणि अकरा मिनिटांनी ३.६. हे अगदी पुस्तकातल्यासारखं: मुख्य आणि त्याच्या मागचा. पण जुलैत परत ४.५ आला. मार्चचा मोठा म्हणून जुलैचा त्याच्या मागचा म्हणावा, तर दोघं सारख्याच उंचीचे. अशा वेळी आम्ही त्याला समूह म्हणतो, ज्यात मुख्य असा कुणी नसतो. पालघरचंही तसंच. तेव्हा तुमचे चुलते पूर्ण चुकीचे नाहीत, आणि आई पण नाही.

शक्यता किती, हा खरा प्रश्न. कॅलिफोर्नियात नोंदी भरपूर आहेत. तिथल्या अनुभवावरून, एखादा धक्का आल्यावर आठवडाभरात त्याच परिसरात त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. त्यातही बहुतेक वेळा तो थोडाच मोठा असतो. मराठवाड्याला तो आकडा जसाच्या तसा लावू नका, पण 'बहुतेक वेळा पुढे काही होत नाही' ही दिशा बरोबर आहे. बरेचसे मोठे भूकंप तर पूर्वसूचना न देताच येतात. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंगला आधीच्या धक्क्यांवरून लोकांना बाहेर काढलं आणि ७ च्या वरच्या भूकंपात हजारो जीव वाचले. सगळ्या जगाला वाटलं, सापडलं गुपित. पुढच्याच वर्षी २८ जुलैला तांगशानला एकही ठळक पूर्वधक्का न येता भूकंप झाला, अडीच लाखांच्या जवळपास माणसं गेली.

आवाजाबद्दल: त्यात गूढ काही नाही. धक्का उथळ असला की पहिल्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला ऐकू येतात. आपल्याकडचा खडक कठीण आहे, त्यात या लहरी लवकर विरत नाहीत. किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेतलं होतं, त्यात काळा पाषाण ३३८ मीटरपर्यंतच लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग कोट्यवधी वर्षांचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक. भूकंप त्या खालच्या खडकात होतात. वरचा काळा पाषाण बघून 'आपला भाग पक्का' असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, पण त्या पक्केपणाचा काही उपयोग नव्हता.

धरणाचा मुद्दा: कोयनेला पाण्याचा संबंध जगभर मान्य आहे. तिथं शिवसागरात पाणी भरू लागल्यावर धक्के वाढले, १३ सप्टेंबर १९६७ ला ५ च्या वरचा आला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ चा. अजूनही पाण्याच्या चढउताराबरोबर तिथले धक्के वाढतात-कमी होतात. किल्लारीजवळ माकणीला निम्न तेरणाचं धरण आहे म्हणून तिथंही तो वाद झाला, अजून मिटलेला नाही. पण मोठं धरण जवळ आहे एवढ्यावरून दोष देता येत नाही, पाण्याची पातळी आणि धक्के वर्षानुवर्षं जोडीनं चालताना दिसावे लागतात. देशात हजारो धरणं आहेत आणि भूकंप आणणारी बोटावर मोजण्याइतकी.

आवाज आला की वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवर नोंद बघा, स्वतःचा अनुभवही तिथं कळवता येतो.

परळी_एक्सप्रेस (दुपारी ३:०५)

मॅडम, शिट्टी मागे घेतली. कुकरही.

हळदवाला_वसमत (संध्याकाळी ७:२०)

काका, मॅडम, लई आभार. आईला वाचून दाखवलं. तिला तिचं खरं निघालं याचा आनंद जास्त झाला.

काकांनी घर विचारलं. पुढचा भाग पणजोबाचा, माळवद आहे, चार खण. भिंत दगड-मातीची, सव्वादोन-अडीच फूट जाड, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वर पांढरी माती, दरसाल मिरगाच्या आधी आजोबा एक थर टाकायचे. आता टाकत नाही, प्लास्टिकचा कागद टाकतो, पण जुनी माती कधी काढली नाही. मोजली तर दोन फूट भरेल. रस्त्याच्या अंगाची भिंत मधोमध पोट काढल्यासारखी बाहेर आली आहे, बापाच्या वेळेपासून तशीच. मागं दोन खोल्या विटांच्या, पत्रा, पत्र्यावर दगड. आई-बाबा माळवदात झोपतात, थंड राहतं म्हणून. आम्ही मागं पत्र्यात.

नवीन बांधायला पैसा नाही, हळदीचा भाव काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं 'आरसीसी करा' हे सोडून सांगा.

ओव्हरसियर_औसा (रात्री ९:४५)

आरसीसी सांगणार नाही. मला तेवढी अक्कल आहे.

पहिलं, भिंत जाड म्हणून निर्धास्त राहायचं सोडा. ती एक भिंत नाही, दोन आहेत. बाहेरचं तोंड वेगळं, आतलं वेगळं, दगड फक्त दर्शनी बाजूनं घडवलेले, आणि मधे बारका दगड आणि चिखल भरलेला. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नसतो. हलली की आतलं तोंड आत, बाहेरचं बाहेर, आणि मधली भर खाली. १९९३ ला किती घरांत मी हे पाहिलं की लाकडाचा सांगाडा, खांब आणि तुळया, उभा आणि भिंती अंगणात. माळवदाचं वजन खांबांवर असतं, पण भिंत कुणाच्याच आधाराला नसते. तुमच्या रस्त्याकडच्या भिंतीचं पोट म्हणजे ती दोन तोंडं आत्ताच वेगळी व्हायला लागली आहेत. भूकंप नाही आला तरी एखाद्या जोराच्या पावसात ती जाईल.

दुसरं, माती. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. कोरडी असली तरी नऊ टन. भिजली तर त्याहून जास्त. तुमच्या आई-बाबांच्या डोक्यावर रोज रात्री एवढं वजन टांगलेलं आहे. आजोबांनी दरसाल थर टाकला ते गळती थांबवायला, त्यांचं बरोबर होतं, पण कुणी जुना थर काढला नाही. आता तुम्ही वर प्लास्टिक टाकताच आहात, मग मातीचं काम उरलंय कुठं? सहा-आठ इंच राहू द्या, उन्हाला तेवढी बास होते. बाकी खाली काढा आणि रानात टाका. एका बाजूनं सगळी उकरू नका, दोन्ही अंगांनी सारखी काढा, नाहीतर तुळई कलते. मजुरीशिवाय खर्च नाही. पाऊस लागायच्या आत करा.

भिंतीचं: भूकंपानंतर जुनी घरं बळकट करताना आम्ही जे केलं ते सांगतो. भिंतीत साधारण तीन-चार फुटांवर एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्हीकडं आकडा केलेली सळई घालून काँक्रीट ठासायचं. झाला आरपार दगड. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधली जातात. गवंडी जुना पाहिजे, पोरगा नको, आणि भोकं एकदम सगळी पाडायची नाहीत. एक भरून वाळलं की पुढचं. पण हे चांगल्या भिंतीला. पोट काढलेल्या भागाला हा उपाय नाही, तो भाग वरून टेकू देऊन उतरवायचा आणि परत रचायचा, या वेळी आरपार दगड घालून. तो होईपर्यंत त्या भिंतीजवळ कुणी बसायचं-झोपायचं नाही, बाहेरच्या बाजूनंही नाही. तुमच्याकडं रस्त्याच्या कडेला बाज टाकून बसायची पद्धत असेल, ती दुसऱ्या अंगाला न्या.

खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपी पट्टी मारून घ्या, लाकडाची किंवा लोखंडी अँगलची, दोन्ही बाजूंनी. सुतार अर्ध्या दिवसात करतो. सांगाडा कलायचा थांबतो.

आणि आई-बाबांची बाज आजच मागच्या खोलीत. थंडावा नंतर बघू. मॅडमनी नेपाळचं जे लिहिलं ते परत वाचा: पहिला धक्का प्रत्येक घर पाडत नाही, काही नुसतीच खिळखिळी करतो, आणि माणसं 'उभं आहे की' म्हणून सामान आणायला आत जातात. किल्लारीला नंतरच्या धक्क्यांत अर्धवट भिंती अशाच ढासळत होत्या. समजा ४.५ सारखा पुन्हा आलाच, तर त्या दिवशी माळवदात कुणीही जायचं नाही, दागिन्याला नाही आणि गॅस बंद करायलाही नाही. गॅसची टाकी बाहेर ठेवा म्हणजे तो प्रश्नच नाही.

बाकी, खळ्यावर झोपायचं की नाही, हे मी सांगणार नाही. उन्हाळा असेल तर झोपा, मी पण झोपतो. नासा म्हणते म्हणून झोपू नका.

हळदवाला_वसमत (रात्री १०:३०)

काका, माती काढायचं पटलं. बाबांना पटायला वेळ लागेल, बापानं टाकलेली माती आहे म्हणतात. बाज हलवली.

पण एक. पत्र्यावरचे दगड. मार्च २०२४ ला प्रशासनानं सांगितलं होतं की पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढा. काढले होते. मग वळवाचं वादळ आलं, शेजाऱ्याचा पत्रा उडून उसात गेला. सगळ्यांनी परत ठेवले. भूकंप कधीतरी येतो, वादळ दरसाल येतं. काय करायचं?

ओव्हरसियर_औसा (रात्री ११:०५)

हा खरा प्रश्न विचारलात. प्रशासनाचं बरोबर होतं, पण अर्धं सांगितलं. दगड काढा म्हटलं की पत्रा कशानं धरायचा हे पण सांगावं लागतं.

दगड ठेवावा लागतो याचा अर्थ पत्रा खाली बांधलेलाच नाही. जे-हुक घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, सोबत डांबरी वॉशर. पत्र्याच्या वरच्या नाळीतून भोक पाडायचं, खालच्या नाळीतून पाडलं तर गळतं. हुक खालच्या वाशाला किंवा पाइपाला अडकवायचा आणि वरून नट कसायचा. कडेच्या ओळीला आणि वळचणीला जवळ जवळ, मधे लांब चालेल. वारा कडेनं घुसतो. वासाही भिंतीला बांधलेला पाहिजे, नाहीतर पत्रा वाशासकट जाईल. विटांच्या भिंतीत वाशाच्या टोकाखाली तार किंवा पट्टी दोन-तीन थर खाली नेऊन सिमेंटात गाडा.

हे झालं की मग दगड काढा, आधी नाही. आणि काढलेले दगड भिंतीलगत रचून ठेवू नका, दारातून पळायची वाट मोकळी ठेवा.

भूगर्भ_नांदेड (रात्री ११:२०)

काका, हे सगळं आमच्या विद्यार्थ्यांना पाठवते. बरीच मुलं अशाच घरांतली आहेत.

ओव्हरसियर_औसा (रात्री ११:३२)

पाठवा मॅडम, पण गवंड्यालाही दाखवायला सांगा, मुलं भिंत रचत नाहीत.

वसमतकर, वासे लाकडी आहेत का लोखंडी पाइप, आणि जाडी किती, ते उद्या उजेडात मोजून इथं टाका. त्यावर हुकाची लांबी ठरते. दुकानदार विचारणार नाही, हाताला लागेल तो देईल.